बावीस हातांवरची लाल माती

साळूबाईच्या पोटात दुखायचं ते एकाच गोष्टीनं, आणि ती गोष्ट हैदराबादेत राहायची. तिची धाकटी बहीण, द्वारका.

आता हे असं तोंडानं कोण कबूल करतंय? औरंगाबादहून फुलंब्रीकडं निघालं की हर्सूलच्या पुढं नानासाहेबांचा मळा लागतो. तिथं कुणी येऊन द्वारकेचं नाव काढलं, की साळूबाई पदर सावरून हसायची, "लई हुशार हो आमची द्वारका, खानदानाचं नाव काढलं," असं म्हणायची, आणि चहात साखर घालायची विसरायची. तिचा नवरा पुंजाराम तो फिका चहा मुकाट्यानं पिऊन टाकायचा. घरजावई माणूस, तीस वर्षं त्या घरात काढलेली. कुठल्या दिवशी चहा फिका येणार हे त्याला न सांगता कळायचं.

नानासाहेबांना ह्या दोन मुलीच. मधी आठ वर्षांचं अंतर. बहात्तरच्या दुष्काळात नानांनी मळ्यात विहीर धरली तेव्हा साळू बारा वर्षांची होती, पाचवीत, वर्गात पहिली. "एवढी विहीर होऊ दे, मग जा शाळेत," नाना म्हणाले. विहीर व्हायला दोन वर्षं लागली आणि तोवर शाळेनं साळूचं नाव कधीच कमी केलं होतं. बावीस हातांवर काळा पाषाण सरला आणि लाल भडक मातीचा थर लागला, हातभर जाडीचा. त्याच्या खालून पाणी पाझरलं. ती माती टोपल्यांनी वर आणली साळूनं. पहिल्या टोपल्यांची आईनं मागच्या पडवीत चूल घातली, नव्या विहिरीची माती आधी चुलीला लावायची अशी त्या घरची रीत होती म्हणून. आणि पाच वर्षांची द्वारका बाभळीखाली बसून तीच माती मुठीमुठीनं खायची.

पुढं विहिरीला पाणी लागलं, आणि त्या पाण्यावर द्वारका औरंगाबादेत शिकली. दगडमातीचं शास्त्र शिकली, त्यात डॉक्टर झाली, आणि हैदराबादेतल्या एका संस्थेत बसून थेट मंगळावरच्या मातीचा अभ्यास करायला लागली. साळूबाई मळ्यातच राहिली. आई गेली तेव्हा तोंडात पाणी घालायला ती होती, नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ती होती, आणि पाव्हणे यायचे ते विचारायचे काय? तर, "द्वारका कधी येणार?"

नाही म्हणायला एक गोष्ट होती तिच्यापाशी. नाना निजामाच्या अमदानीत उर्दू चौथी शिकलेले. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य ठरलेलं असायचं. "द्वारका आमची अक्कल, आन् साळू आमचं इमान." चारचौघांत हे वाक्य आलं की साळूबाईचा ऊर भरून यायचा. कपाटाच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या, कुणाचा निरोप, कुणाची ठेव, सगळं तिच्या हाती. अख्ख्या जन्माची कमाई म्हणाल तर ते एक वाक्य, दुसरं काही नाही.

तर झालं असं. २०१३ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या विहिरी तळाला गेल्या. मे महिन्यात द्वारकेचा फोन आला.

"अक्का, विहीर आटली का गं?"

"खडखडीत. गाळ काढायला लागलोत."

"मग माझं एक काम कर. तो लाल थर उघडा पडला असेल. त्यात वीतभर आत खोद, आतली, कुणी हात न लावलेली माती काढ. स्वच्छ स्टीलच्या डब्यात भर आन् झाकण घट्ट लाव. वर चिठ्ठी चिकटव. तारीख, किती हातांवरून काढली, आणि काढणाराचं नाव. दिवाळीला आले की नेते."

पुंजाराम म्हणाला, एखादा गडी उतरवतो. साळूबाई म्हणाली, "गड्याला काय कळतंय थर कुठला!" तिनं पदर खोचला आणि भिंतीतल्या लोखंडी कड्या धरधरून त्रेपन्नाव्या वर्षी स्वतः खाली उतरली. डबा भरून वर आली. चिठ्ठीवर सावकाश, एकेक अक्षर टपोरं काढत लिहिलं, 'साळूबाई पुंजाराम तुपे'. किती वर्षांनी तिनं स्वतःचं अख्खं नाव लिहिलं होतं! डबा देवळीत ठेवला आणि सहा महिने कुणाला शिवू दिला नाही. तेव्हा तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

दिवाळीत द्वारका आली, आणि नेमकं त्याच आठवड्यात आपलं यान मंगळाकडं निघालं. मग काय विचारता! पेपरवाल्यांनी द्वारकेला गाठलं. फोटोसकट बातमी आली. पुंजारामनं ती ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवली. त्यात द्वारका म्हणाली होती, "वडिलांनी दुष्काळात विहीर खोदली. त्या विहिरीतली लाल माती मी लहानपणी खात असे. माझा मंगळाचा प्रवास तिथूनच सुरू झाला."

नानांनी डोळे पुसले. तो कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तीन वेळा काढून पाहिला.

साळूबाई भाकरी थापता थापता थांबली. खाल्ली हिनं, वाहिली मी! माझ्या मानेला अजून टोपल्याची कळ येती, आणि प्रवास सुरू झाला हिचा! बातमीत 'बहीण' हा शब्द कुठंच नव्हता. हात पिठाचे, म्हणून तिनं पुंजारामकडून दोनदा वाचून घेतली, उगाच राहून गेलं असेल म्हणून. नव्हताच.

त्या संध्याकाळी नाना खाटेवर, द्वारका त्यांच्या पायाशी, पुंजाराम उंबऱ्यावर, आणि साळूबाई आतल्या दारात लसूण सोलत बसली होती.

"नाना, मंगळ आज कसा हाय म्हणाल, तर गार आन् कोरडा ठाक," द्वारका सांगत होती. घरी आली की तिची भाषा आपोआप मळ्याची व्हायची. "हवा हाय, पण इतकी विरळ की नसल्यासारखीच. उघड्यावर पाणी ओतलं तर टिकत नाय. थोडं गोठतं, थोडं वाफ होऊन उडतं."

"मग तिथं कशाला मरायला जायाचं?" पुंजारामनं विचारलं.

"कारण पूर्वी तो असा नव्हता, दाजी. साडेतीनशे कोटी वर्षांमागं तिथं हवा दाट होती. नद्यांची पात्रं अजून दिसतात, तळ्यांचा गाळ दिसतो. मग मंगळाच्या पोटातलं चुंबक थंडावलं. आपल्या धरतीचं चुंबक तिच्या हवेला राखतं. त्याला राखणारं कुणी उरलं नाय. सूर्याकडून एक वारा येतो, त्यानं त्याची हवा ओरबाडून ओरबाडून नेली. हवा गेली तशी ऊब गेली, आन् पाणी बी गेलं. काही उडालं, काही जमिनीत गोठलं, काही दगडांतच मुरलं."

नाना खाटेवर उठून बसले. "म्हंजी मंगळावर बी बहात्तर पडला म्हण की."

"व्हय नाना. फक्त तो सरलाच नाय."

नाना खुदकन हसले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दारात साळूबाईच्या हातातला लसूण नखाखाली चिरडला. बहात्तर हिनं कुठं पाहिला? बहात्तरात ही बाभळीखाली बसून माती चघळत होती!

"आता भांडण काय हाय," द्वारका पुढं म्हणाली, "मंगळावर चिकणमातीचे थर हायेत. माझं म्हणणं, तिथं लाखो वर्षं हवा उबदार आन् दमट होती, पावसापाण्यानं दगड कुजला आन् त्याची माती झाली. दुसरे म्हणतात, नाय, मंगळ बहुतेक गारच होता, मधनंमधनं लाव्ह्याच्या धगीनं तेवढ्यापुरता तापला, आन् माती त्या धगीनं झाली. तिथं जाऊन तर खोदता येत नाय. पण आपल्या विहिरीत तसाच थर हाय. खालचा लाव्हा थंड झाला, त्यावर युगं पाऊस पडला, माती झाली, मग वरचा लाव्हा आला आन् ती दबली. उघड्यावरचे थर ऊनपावसानं बिघडलेत. अक्कानं काढलेली माती कोरी हाय. ती पाण्यानं झालेली निघाली तर मी खरी. भाजलेली निघाली तर माझी पंधरा वर्षं गेली बघा!"

दुसऱ्या दिवशी शहरात द्वारकेचा सत्कार होता. जीप दारात आली. नानांनी नवं धोतर नेसलं, फेटा बांधला. साळूबाईनंही सकाळीच ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं होतं.

"अक्का, चल लवकर," द्वारका म्हणाली.

तेवढ्यात नाना म्हणाले, "अगं, पण माघारी ईस माणसं जेवायला यायचीत. साळू आली तर सैपाक कोण बघल?"

द्वारका काही बोलणार होती, पण ड्रायव्हरनं हॉर्न दिला. जीप गेली. धुरळा खाली बसला तरी साळूबाई दारातच उभी होती. ठेवणीतलं लुगडं तिनं पुन्हा पेटीत टाकलं.

स्वयंपाक दोन तासांत उरकला. घर रिकामं होतं, पुंजारामही नानांना धरून उतरवायला म्हणून जीपमध्ये गेलेला. साळूबाई देवळीसमोर उभी राहिली. डबा दिसत होता. स्वतःचं नाव दिसत होतं. तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला. ती मोठ्यानं म्हणाली, "सगळं हिलाच! अक्कल हिला, शाळा हिला, सत्कार हिला! आता एकदा तरी खोटी पडू दे की! एकदाच!"

मागच्या पडवीत आईनं घातलेली चूल अजून होती. चाळीस वर्षं रोज पेटलेली, वरून लिंपलेली, पण आत माती तीच, बावीस हातांवरची. साळूबाईनं खुरप्यानं चुलीचा आतला कोपरा तोडला, काजळी खरवडून टाकली आणि लाल भाग वरवंट्यानं फोडला. डब्यातली माती तिनं तुळशीच्या बुडाशी ओतली. डब्यात चुलीची भरली. रंग तोच, वास तोच. झाकण लावलं. चिठ्ठीला तिनं हातही लावला नाही.

नाना परत आल्यावर पडवीत गेले तेव्हा त्यांना तुटका कोपरा दिसला. "ह्ये कशानं झालं?"

"मांजरीनं पाडलं," साळूबाई म्हणाली.

"मांजरीनं व्हय," म्हणत नाना हात धुवायला गेले. साळूनं सांगितलं म्हटल्यावर दुसरं काही विचारायचा प्रश्नच नव्हता. द्वारका संध्याकाळच्या गाडीनं डबा घेऊन गेली. जाताना तिनं चिठ्ठीवरून बोट फिरवलं. "अक्षर अजून किती सुंदर हाय गं तुझं," ती म्हणाली, आणि साळूबाईला तेही झोंबलं.

पुढं दोन महिने साळूबाईला झोप बरी लागली, हेही खरं सांगायला पाहिजे. चहा गोड यायला लागला. पुंजाराम चकित झाला, पण शहाणा माणूस, बोलला नाही.

जानेवारीत, ऐन दुपारी, द्वारकेचा फोन आला. नानांना कमी ऐकू यायचं, म्हणून पुंजारामनं आवाज मोठा करून फोन खाटेवर मधोमध ठेवला.

"नाना, मातीचा निकाल आला," द्वारका म्हणाली. आवाज बसलेला होता. "भाजलेली निघाली. सहाशे-सातशे डिग्रीला. मी चुकले होते. पुढच्या महिन्यात मोठी परिषद हाय. तिथं उभी राहून सांगणार, की माझं म्हणणं मागं घेते."

"सांगायलाच पायजे का?" पुंजाराम म्हणाला. "गप बसावं की."

"कसं बसू, दाजी? जे निघालं ते निघालं. आमच्यातले काही म्हणत होते, डब्यात गडबड झाली असेल, दुसरा नमुना मागव. मी म्हणाले, गरज नाय. डब्यावर माझ्या अक्काचं नाव हाय. ते पटलं त्यांना. मी सगळ्यांना तुझ्याबद्दल सांगते ना, अक्का. त्या पेपरवाल्याला बी सांगितलं होतं, माती माझ्या बहिणीनं वर आणली म्हणून. त्यानं छापलंच नाय मेल्यानं."

नाना डोळे मिटून मान हलवत होते. मग ते म्हणाले, "हरकत नाय, पोरी. चुकलं ते चुकलं म्हणायला बी छाती लागती. शाब्बास."

शाब्बास! साळूबाईच्या कानात तो शब्द तापल्या सळईसारखा गेला. लाज वाटली का तिला? वाटली, लई वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी आली ती जुनीच आग. म्हणजे हरली तरी हीच मोठी! पंधरा वर्षांचं बोलणं मागं घेऊन ही खरी ठरणार, आणि इमान इमान म्हणतात ते आमचं डब्यात सडणार! अक्कल घेतली, शाळा घेतली. आता खरेपणातही ही माझ्या पुढं जाणार?

"थांब!" ती ओरडली. इतकी की पुंजाराम दचकला. "नको मागं घेऊ काई. डब्यात चुलीची माती व्हती."

"काय म्हणालीस?"

"चुलीची! आईच्या चुलीची. मी बदलली. तुमी सगळे सत्काराला गेलात तवा. विहिरीतली तुळशीत ओतली."

"का, अक्का?"

"माझ्या पोटात दुखत व्हतं म्हणून! लहानपणापासून दुखतंय. तुला काय ठावं!"

"मी येते," म्हणून द्वारकेनं फोन ठेवला. नानांनी डोळे उघडले. त्यांनी साळूबाईकडं पाहिलं नाही, पडवीच्या दाराकडं पाहिलं.

"मांजरीनं पाडलं, म्हणलीस तू मला," ते म्हणाले. एवढंच. मग भिंतीकडं तोंड करून ते आडवे झाले.

तुळशीतली माती काळ्या मातीत, शेणात कधीच मिसळून गेली होती. विहीर काठोकाठ नसली तरी लाल थर आठ-नऊ हात पाण्याखाली होता, आणि गहू ऐन पोटरीत आलेला. साळूबाईनं दुसऱ्या दिवशी, दिवसाची लाईट आल्या आल्या मोटार चालू केली.

"अगं, गव्हाला अजून दोन पाळ्या द्यायच्यात! एवढं पाणी उपसलं तर पुढं काय द्यायचं?" पुंजाराम म्हणाला.

"नाय तर नाय. माझ्या वाटणीचा गहू समजा."

पाणी गव्हात सोडलं, हरभऱ्यात सोडलं, उरलेलं शेजारच्या आप्पासाहेबांच्या उसात गेलं. ते बिचारे दोन दिवस हात जोडून आभार मानत होते, आणि साळूबाई त्यांच्याशी धड बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी थर उघडा पडला. त्याच सकाळी द्वारका आली, मळ्याच्या फाट्यावरून पायी, पाठीला एक पिशवी.

दोघी विहिरीच्या काठावर उभ्या राहिल्या. साळूबाईला वाटलं, ही रडेल, भांडेल, निदान एक शिवी तरी देईल. द्वारकेनं पिशवीतून छिन्नी काढली आणि चपला काढून बाजूला ठेवल्या.

"तू नको उतरू," साळूबाई म्हणाली. "शेवाळ हाय. तुला सवय नाय."

"माझ्या समोर निघाली पाहिजे, अक्का."

मग दोघीही उतरल्या, साळूबाई पुढं, द्वारका मागं. खाली ओल होती, गार होतं. साळूबाईनं थर दाखवला, वरचा ओला पापुद्रा काढून टाकला आणि वीतभर आत खोदलं. द्वारकेनं डबा धरला. माती आतून लाल भडक निघाली, बहात्तरात निघाली होती तशीच. द्वारका तिच्याकडं बघत राहिली, आणि एकदम म्हणाली, "ह्याची चव अजून आठवती मला."

"वजन मला आठवतं," साळूबाई म्हणाली.

दोघी वर आल्या. काठावर पुंजारामनं नानांची खुर्ची आणून ठेवली होती. त्या फोनपासून नाना साळूबाईशी बोलले नव्हते. आजही त्यांनी फक्त विचारलं, "निघाली का?" आणि ते द्वारकेकडं बघून.

"निघाली, नाना," द्वारका म्हणाली. तिनं कोरी चिठ्ठी आणि पेन साळूबाईच्या हातात दिला.

"माझं नको लिवू," साळूबाई म्हणाली. "तुझंच टाक."

"काढणाराचं टाकायचं असतं. तू काढलीस."

साळूबाई खाली बसली, गुडघ्यावर चिठ्ठी ठेवली आणि लिहिलं. तारीख. बावीस हात. साळूबाई पुंजाराम तुपे. अक्षर पहिल्यासारखंच टपोरं आलं. तिनं चिठ्ठी पुढं केली. द्वारकेनं ती वाचली, पेन घेतला आणि त्या नावाच्या खाली आणखी एक ओळ लिहिली.

"काय लिवलंस?"

"माझ्या समोर काढली, असं," द्वारका म्हणाली. "आता लिहावं लागतं, अक्का." आणि त्या ओळीखाली तिनं आपली सही केली.